शाळेंतील यंत्रें आणि गुरुजींची नजर

आज मला आपल्याशीं शाळेंतील यंत्रांविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि पुढें सदतीस वर्षें जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुलांना शिकविलें. सेवानिवृत्त होऊन आतां बरींच वर्षें झालीं. नेवासें तालुक्यांतील सोनई हें माझें गांव. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. माझ्या पिढीच्या तोंडीं मात्र संवयीनें अजून ‘नगर’च येतें, त्याबद्दल श्रोत्यांनीं क्षमा करावी.

विद्वत्तेचा आव आणून बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु खडू-फळ्यापासून स्पर्शाच्या पडद्यापर्यंत जीं जीं साधनें शाळेंत आलीं, तीं हाताळण्याचा योग मला आला. कांहीं मीं नीट वापरलीं, कांहीं फार वाईट वापरलीं. त्या अनुभवांतून जी एक गोष्ट कळली, तीच सांगण्याचा विचार आहे.

आरंभींच एक कबुली देतों. मी येथें ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलत आहें आणि आपण आपापल्या घरीं ऐकत आहां. कोणाला कंटाळा आला, कोणाला माझा एखादा शब्द समजला नाहीं, कोणी उठून चहा ठेवावयास गेलें, हें मला दिसत नाहीं. मी आपला बोलतच राहणार! प्रौढ श्रोत्यांच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं. भाषण रुचलें नाहीं तर आपण कळ फिरवाल. परंतु दुसरीच्या वर्गांतील मुलाला कळ फिरवितां येत नाहीं. तें समोर पाहत बसतें, आणि त्याला समजलें आहे असें आपणांस वाटतें. शाळेंतील यंत्रांचा सारा प्रश्न या एका गोष्टींत सांठविलेला आहे.

यंत्र म्हटलें कीं आज आपल्या डोळ्यांसमोर संगणक येतो. पण पाटी हेंहि एके काळचें नवें साधनच होतें. जुन्या गांवठी शाळांतून मुलें धूळपाटीवर, म्हणजे लांकडी फळीवर पसरलेल्या बारीक धुळींत, अक्षरें गिरवीत. पुढें इंग्रजी अमदानींत दगडी पाटी आली, भिंतीवर काळा फळा आला, छापील क्रमिक पुस्तक आलें. आमच्या लहानपणीं दसऱ्याला पाटीवर एकच्या आंकड्यांची सरस्वती काढून आम्ही तिची पूजा करीत असूं. या पाटीचा गुण कोणता? चूक पुसतां येते, हा एक. दुसरा गुण शिक्षकाच्या दृष्टीनें अधिक मोठा. ‘पाट्या वर करा’ म्हटलें कीं चाळीस मुलांनीं केलेलें गणित एका क्षणांत गुरुजींच्या डोळ्यांपुढें येई. कोणाचें बरोबर आलें, कोणीं शेजाऱ्याचें पाहून लिहिलें, कोण हातचा विसरला, हें न विचारतां कळे. मुलाला पाटी लिहावयास उपयोगी पडे आणि शिक्षकाला ती मुलाचें मन वाचावयास उपयोगी पडे. साधन शाळेच्या कामाचें आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची माझी कसोटी मला या पाटीपासूनच मिळाली. ज्या साधनामुळें शिक्षकाला मूल अधिक स्पष्ट दिसूं लागतें, तें चांगलें वापरलें गेलें. ज्याच्याआड मूल दिसेनासें होतें, तें कितीहि महाग असो, वाईट वापरलें गेलें.

यंत्र पुस्तकाची आणि शिक्षकाची जागा घेईल, ही भविष्यवाणी नवी नाहीं. अमेरिकेंतील प्रसिद्ध संशोधक एडिसन यानें १९१३ सालींच असें सांगितलें होतें कीं, चलच्चित्रांमुळें शाळांतील पुस्तकें लवकरच कालबाह्य होतील. त्याला शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. पुस्तकें आहेत, शिक्षकहि आहेत. एडिसन कांहीं सामान्य बुद्धीचा पुरुष नव्हता. त्याची चूक एवढीच कीं, दाखविणें म्हणजेच शिकविणें असें त्यानें धरून चालविलें. हीच चूक आम्हां शिक्षकांच्या हातूनहि वारंवार झाली आहे.

१९८६ सालीं नवें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलें आणि त्याच्या पुढच्या वर्षीं खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक तें शैक्षणिक साहित्य मिळावें, हा तिचा हेतु. हेतु उत्तम होता. मी तेव्हां तरुण होतों आणि एका लहानशा वस्तीवरच्या शाळेंत काम करीत होतों. आमच्याकडे साहित्याची पेटी आली. नकाशे, पृथ्वीचा गोल, भिंग, लोहचुंबक, मापें असें पुष्कळ कांहीं तींत होतें. मुलें पेटीभोवतीं जमलीं. आम्हीं सर्व वस्तूंची नोंद डेडस्टॉक रजिस्टरांत केली, पेटीला कुलूप लावलें आणि किल्ली खिशांत टाकली. एखादें भिंग फुटलें तर तपासणीच्या वेळीं जाब कोणी द्यावा, ही भीति! साहेब आले म्हणजे पेटी उघडे, गोलावरची धूळ पुसली जाई. साहेब गेले कीं पुन्हां कुलूप. एकाहि मुलानें त्या लोहचुंबकाला हात लावल्याचें मला आठवत नाहीं. फुटूं नये म्हणून जपलेलें तें साहित्य शेवटीं गंजून गेलें. साधन मोडलें तर त्याचा हिशेब मागतात. तें वापरलेंच नाहीं तर कोणी कांहीं विचारीत नाहीं. शाळेंत हा न्याय उलटा हवा होता.

पुढें दूरदर्शन आलें. पुण्यास १९८४ सालीं ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली आणि तिचे शैक्षणिक कार्यक्रम पुष्कळ वर्षें दूरदर्शनवरून दाखविले गेले. २०१७ सालीं ती बंद झाली. त्या कार्यक्रमांत घेण्यासारखें पुष्कळ होतें. नेवाशाकडच्या ज्या मुलानें समुद्र पाहिलेला नाहीं, त्याला भरती-ओहोटी नुसत्या शब्दांनीं किती सांगणार? तेथें चित्रच हवें. परंतु तो कार्यक्रम मध्येंच थांबवितां येत नसे कीं मागें नेतां येत नसे. त्यांतून ऐन वेळीं वीज जाई. अशा काळांत एक वडील शिक्षक मीं पाहिले. कार्यक्रमापूर्वीं ते फळ्यावर तीन प्रश्न लिहीत. कार्यक्रम संपला कीं संच बंद करून त्या तीन प्रश्नांवर मुलांना बोलतें करीत. वीज गेली तर त्याच प्रश्नांच्या आधारानें ते स्वतः गोष्ट सांगत. संच चालो वा न चालो, त्यांचा पाठ होई. कारण पाठ त्यांच्या डोक्यांत तयार असे.

हें सर्व पाहिलेलें असूनहि, माझी पाळी आली तेव्हां मी चुकलों. तें आतां सांगतों.

२०१५ च्या सुमारास ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गांवोगांवीं पोंचला. मी तेव्हां ज्या शाळेंत होतों, तेथील ग्रामस्थांनींहि लोकवर्गणी केली. बागायतदारांनीं हजार-दोन हजार दिले, मजुरांनीं पन्नास-पन्नास रुपये दिले. वर्गांत मोठा पडदा बसला, नारळ फुटला, फोटो निघाले. माझ्याकडे त्या वर्षीं दुसरी व तिसरी असे दोन वर्ग होते. वरून माहिती मागविण्याचे संदेश मोबाइलवर दिवसभर येत. आज मुलांचे आधार क्रमांक, उद्यां पोषण आहाराचे आंकडे, आणि सारें आजच्या आज भरावयाचें. मीं एक युक्ति काढली. पडद्यावर कवितांची चित्रफीत लावावी आणि कोपऱ्यांत बसून माहिती भरावी. मुलें शांत बसत. कविता तालावर म्हणत, हातवारे करीत. पाहुणे येत, कौतुक करून जात. शाळा उत्तम चालली आहे असें सर्वांस वाटे. खोटें कशाला बोलूं, मलाहि वाटे.

आमचा भाग साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि आईबापांबरोबर मुलेंहि येतात. त्या हंगामांत अशी एक मुलगी माझ्या वर्गांत येऊं लागली. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच ती येई. चित्रफितींतील कविता तिला आठ दिवसांत पाठ झाल्या, आणि आवाज तर वर्गांत सर्वांत खणखणीत. मीं तिला पुढें बसविलें. पाहुणे आले म्हणजे मी तिलाच उभी करीत असें.

एके दिवशीं वीज नव्हती. मीं सहज क्रमिक पुस्तक उघडून तिच्यापुढें धरलें. पान तिच्या आवडत्या कवितेचें होतें. तिनें ती घडाघडा म्हटली. पण तिचें बोट अक्षरांवरून फिरत नव्हतें, तें शेजारच्या चित्रावर होतें. मला शंका आली. मीं बाकीच्या ओळी हातानें झांकल्या, एकच शब्द उघडा ठेवला आणि विचारलें, “हें काय लिहिलंय, बाळ?” ती माझ्या तोंडाकडे पाहूं लागली. तिला एक शब्द वाचतां येत नव्हता. अडीच महिने ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती.

श्रोतेहो, पडद्यानें त्याचें काम चोख केलें होतें. मीं माझें केलें नव्हतें. टोळी परत जाण्यास आतां पुरते दोन महिनेहि उरले नव्हते.

त्या वेळीं मला खरा उपयोग झाला तो एका अगदीं साध्या यंत्राचा, आणि तें यंत्र माझ्या खिशांतच होतें. मुलीच्या वडिलांकडून त्यांच्या गांवच्या गुरुजींचा नंबर मिळविला आणि त्यांना फोन केला. त्यांनीं सांगितलें कीं, ही मुलगी पहिलींत असतांना दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली ती थेट उन्हाळ्यांत परतली. चार-सहा अक्षरांपलीकडे तिची ओळख पोंचलीच नाहीं. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यांत मला जें कळलें, तें अडीच महिन्यांत कळलें नव्हतें. दुसऱ्या दिवसापासून शाळा भरण्यापूर्वीं अर्धा तास मी तिला घेऊन बसूं लागलों. तिला पाठ असलेल्या कवितेचेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले. तिचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून तिलाच ऐकविला. स्वतःचा आवाज ऐकत ऐकत ती एकेका शब्दावर बोट ठेवी. नको तेथें बोट गेलें कीं मी यंत्र थांबवीत असें. तिचें पाठांतर फुकट गेलें नाहीं. त्याचाच धागा धरून अक्षरें हातीं लागलीं. मार्चअखेर टोळी निघाली तेव्हां ती अडखळत, पण स्वतः वाचूं लागली होती. जोडाक्षरें मात्र राहून गेलीं. मीं तिच्या गांवच्या गुरुजींना पुन्हां फोन करून ती कोठपर्यंत आली तें कळविलें. आणखी अडीच महिने मिळते तर ती पुष्कळ पुढें गेली असती. ते अडीच महिने मीं आधींच खर्चून टाकले होते. आज ती सतरा-अठरा वर्षांची झाली असेल. ती वाचीत असावी, एवढीच माझी इच्छा आहे.

पुढें २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि यंत्राशिवाय शाळाच चालेना. मी तेव्हां निवृत्त होऊन घरीं होतों; नातवंडांचे वर्ग घरांत पाहत होतों. त्या वर्षीं ‘असर’च्या देशव्यापी पाहणींत ग्रामीण भागांतील शाळकरी मुलांपैकीं सुमारें ६२ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन असल्याचें आढळलें. दोनच वर्षांपूर्वीं, २०१८ सालीं, हें प्रमाण सुमारें ३६ टक्के होतें. वाढ मोठी खरी. तरी शंभरांतील अडतीस मुलांच्या घरीं तो नव्हता, आणि ज्यांच्या घरीं होता तेथेंहि पुष्कळदां तो वडिलांबरोबर सकाळींच रानांत जाई. कांहीं ठिकाणीं शिकविणें म्हणजे सकाळीं गटावर पांच पानें पाठवावयाचीं, सायंकाळीं वहीचा फोटो मागवावयाचा आणि त्याखालीं अंगठ्याचें चित्र ठेवावयाचें, एवढेंच उरलें. वही मुलानें लिहिली कीं ताईनें, हें फोटोवरून कळत नाहीं.

परंतु याच काळांत महाराष्ट्रांतील शिक्षकांनीं उत्तम उदाहरणेंहि घालून दिलीं. सोलापूरच्या नीलमनगर भागांतील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनीं वस्तींतील सुमारें तीनशें घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. वस्ती कामगारांची, घरोघरीं फोन कोठून असणार? तेव्हां मुलें अंतर राखून भिंतीसमोर उभीं राहत आणि धडा वाचीत. साधन म्हणावें तर रंग आणि कुंचला. पालघर जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याकडील पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ या नांवानें स्वयंसेवक ध्वनिवर्धक घेऊन जात आणि मुलांना पाठ ऐकवीत. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. तिच्यांत घरांतल्याच वस्तु घेऊन मुलांनीं स्वतः करून पाहण्यावर भर होता. या सर्वांनीं प्रथम मुलाकडे पाहिलें. त्याच्या घरीं काय आहे आणि काय नाहीं हें जाणून घेतलें, आणि मग साधन ठरविलें.

सोलापूर जिल्ह्यांतीलच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत त्या वेळीं शिक्षक असलेले श्री. रणजितसिंह डिसले यांस डिसेंबर २०२० मध्यें ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुरस्कार दहा लक्ष डॉलरचा. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड देऊन त्यामागें ध्वनिफिती व चित्रफिती ठेवण्याचें त्यांचें काम सर्वांस ठाऊक आहे. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतहि असे कोड आले. मला त्यांतील मर्म असें दिसतें कीं, तेथें पुस्तकाला बाजूस सारलेलें नाहीं. मूल ज्या पानावर अडतें, त्याच पानावर मदतीचें दार आहे. अर्थात् तें दार केव्हां उघडावें हें सांगणारा जवळ हवा. नाहीं तर मूल एक चित्रफीत पाहतें, मग दुसरी, आणि गणित तेथेंच राहतें.

नुसतें यंत्र दिल्यानें काय होतें, याचा पडताळा दूरच्या पेरू देशांत आला. तेथील सरकारनें मुलांसाठीं आठ लाखांहून अधिक लहान संगणक घेतले. ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी होऊन २०१२ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संगणक मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतील मुलांच्या गणिताच्या व भाषेच्या प्रगतींत फरक आढळला नाहीं. तें वाचल्यावर मला आमची कुलूप लावलेली पेटी आठवली. त्यांच्या पेटीला कुलूप नव्हतें, एवढाच भेद.

यावरून ‘जुनें तें सोनें’ म्हणणाऱ्यांपैकीं मी आहें असें कृपा करून समजूं नये. पाटीच्या काळांतहि खुर्चींत डुलक्या घेणारे गुरुजी होते. मुलें पाढे ओरडत असत आणि कोणाला ते उमगले हें कोणी पाहत नसे. पडद्यामुळें मला चूक सुचली नाहीं; चूक लपविण्यास मात्र चांगला आडोसा मिळाला. म्हणून माझ्या तरुण शिक्षक बंधुभगिनींस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. यंत्र सुरू करण्यापूर्वीं, मुलांनीं काय शोधावयाचें तें फळ्यावर लिहावें. यंत्र चालू असतांना आपलें तोंड मुलांकडे असावें, आणि एखादा चेहरा कोमेजलेला दिसला कीं तेथेंच थांबवावें. यंत्र बंद केल्यावर प्रत्येक मुलानें कांहीं तरी लिहावें किंवा करून दाखवावें, आणि आपण स्वतःला विचारावें, ‘आज मला कोणत्या मुलाविषयीं नवें काय कळलें?’ उत्तर आलें नाहीं तर तो तास यंत्राचा झाला, आपला झाला नाहीं.

आणि जे ग्रामस्थ कष्टाचे पैसे वर्गणींत देतात, त्यांनाहि एक विनंति. पडदा घेण्यापूर्वीं विजेचें बिल कोण भरणार आणि बिघाड कोण दुरुस्त करणार, हें ठरवून घ्या. बिल थकून वीज तोडली गेली तर पडदा म्हणजे नुसती काळी कांच. उद्घाटनाला जाल तेव्हां टाळ्या अवश्य वाजवा. पण महिन्यानें पुन्हां एकदां जा, पडद्यासमोरच्या एखाद्या मुलाला मायेनें जवळ बोलवा, आणि चार ओळी वाचावयास सांगा. ज्या मुलाचे आईबाप या गांवचे नाहींत, त्याला आधीं बोलवा.

आमच्या तालुक्याचें ठिकाण नेवासें. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वर महाराजांनीं ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असें परंपरा मानते, तो पैसाचा खांब तेथें आहे. सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. लोक त्या खांबाला भक्तिभावानें हात लावतात आणि तें योग्यच आहे. परंतु ज्ञानेश्वरी खांबानें सांगितली असें आमच्याकडे कोणी म्हणत नाहीं. बसणाऱ्याला टेकावयास आधार लागतो. सांगावयास आणि ऐकावयास मात्र दोन्हीकडे माणूसच लागतो.

माझी वेळ संपली. आपले चेहरे मला दिसले नाहींत, तरी आपण शेवटपर्यंत ऐकलेंत असें धरून मी आपली रजा घेतों.